चामड्याचा ब्रेक

बारामतीतल्या एका सायकलवाल्याचं नाव आमच्या गावात दोन वर्षं खराब होतं. ते खराब करण्यात माझा हात नव्हता, तोंड होतं. नको तिथं बंद राहिलेलं. तसं ते बंद राहणारं तोंड नाही. नळावर, एसटीत, कंपनीच्या कँटीनमध्ये मी ज्याच्याशी भांडलो नाही असा माणूस शोधावा लागेल. पण या एका बाबतीत मूग गिळून बसलो आणि एका भल्या माणसाला शिव्या खाऊ दिल्या. त्याबद्दल लिहायला बसलोय, तर आत्तासुद्धा तिसऱ्यांदा खुर्चीवरून उठून झालंय.

लहानपणापासून मला एका जागी बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी हाय, आजोबावर गेलाय. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढ्या होत्या, वर्षातले आठ महिने माणसं वाटेवर. मग कळस या आमच्या गावच्या रानात विहिरीला पाणी टिकायला लागलं तशा वडिलांनी मेंढ्या काढल्या आणि वांगी, मेथी, टोमॅटो करायला लागले. घर एका जागी बसलं, मी काही बसलो नाही. आयटीआय करून बारामतीच्या एमआयडीसीत फिटर म्हणून लागलो, दोघांबरोबर खोली घेतली, सुट्टीला सायकलवर गावी जायला लागलो. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. बरोबरीची पोरं मोटरसायकलीच्या हप्त्यांचं बोलत होती आणि मला सगळ्याचाच कंटाळा आला होता.

खोलीजवळच्या हॉटेलात तेव्हा नुकतीच केबल आली होती. पहिल्या पाळीवरून सुटून चहा पीत होतो आणि पडद्यावर कुठल्या तरी परमुलखातला एक माणूस सायकलवरून दगडांवर उड्या मारत होता. दोन्ही ब्रेक करकचून धरायचे, सीटवरून उठायचं, सायकलीसकट टुणकन उडायचं आणि पुढच्या दगडावर जाऊन उभं राहायचं. पाय जमिनीला टेकला की संपलं. त्यात वेग नव्हता, शर्यत नव्हती. तो माणूस एका दगडावर सायकलवर नुसता उभा होता, आणि उभा असून क्षणभरही स्वस्थ नव्हता. मला वाटलं, हा आपल्या जातीचा. हॉटेलवाल्यानं पाच मिनिटांत चॅनल बदललं. त्याच्याशी भांडलो, पैसे टेबलावर आपटले आणि खोलीवर येऊन वडिलांच्या जुन्या काळ्या सायकलीचे मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर सगळं काढलं. पुढच्या सुट्टीला वडिलांनी ती बघितली आणि एवढंच म्हणाले, "मेंढरू भादरल्यागत केलंस की."

काळ्या सायकलीनं आठवडाभरात हात टेकले. तिचे ब्रेक सळईचे. हँडलखालची सळई ओढली की रबर रिमला खालून वर चिकटायचं, आणि ते चाक फिरताना सावकाश थांबवायला ठीक होतं. चाक जागच्या जागी बांधून ठेवणं त्याच्या बापजन्मात जमणार नव्हतं. दगडावरून पहिल्यांदा नीट उडी बसली त्या दिवशी पुढचं चाक पापडासारखं वाकलं. ते खांद्यावर घेऊन मी एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या दुकानात गेलो.

ते दुकान तात्यांचं. साठीकडे झुकलेला बारीक माणूस, डोक्यावर टोपी, एका कानामागं पेन्सिल. आमच्या बाजूचे दूधवाले, भाजीवाले सगळे सायकली तिथंच आणायचे. तात्यांनी चाक बघितलं, मला बघितलं आणि म्हणाले, "ही सायकल माणूस न्ह्यायला केलीया. तू तिला काय करायला लावतुस?" मी सांगितलं. दुसरा कुणी हसला असता. तात्यांनी मला फळीवर बसायला सांगितलं, मी बसलो नाही, मग उभ्यानंच सगळं परत सांगायला लावलं. उडी मारताना वजन कुठल्या चाकावर येतं? खाली येताना चाक फिरतं का बांधलेलं असतं? मलाही यातलं निम्मं माहीत नव्हतं. मी बाहेर जाऊन रस्त्यावर करून दाखवायचो, परत आत येऊन सांगायचो.

त्यांनीच मला जाड टायरची सेकंडहँड सायकल घ्यायला लावली. चाक लहान, रिम रुंद. पुढचं चाक त्यांनी उकलून परत बांधलं. प्रत्येक तार नवी आणि जाड, आणि जिथं दोन तारा एकमेकींना ओलांडतात तिथं त्या बारीक तारेनं आवळलेल्या, म्हणजे धक्का एकीवर न बसता दोघींत वाटला जावा. सगळं बांधून झाल्यावर ते चाक फिरवायचे आणि बोटानं तारा वाजवत जायचे. एखादी बद्द वाजली की थांबायचं, चावीचा पाव फेरा द्यायचा, पुन्हा वाजवायची. याला अर्धा दिवस लागायचा. मी तोवर दुकानाला पंचवीस प्रदक्षिणा घालायचो. "बस की रं," तात्या म्हणायचे, "तू फिरतुयास तवर मला चाक फिरतंय का न्हाय कळंना."

ब्रेकनं मात्र आमचा अंत बघितला. सायकलीबरोबर आलेले ब्रेक दाबले की त्यांचे हातच वाकायचे. ते काढून जाड हाताचे टाकले. मग रबर घसरायला लागलं. रिम लोखंडी, वर चकचकीत मुलामा. कोरड्यात कसंबसं धरायचं, सकाळच्या दवात अजिबात नाही. मी चार प्रकारची रबरं आणली. एक मऊ होतं, त्याचा आठ दिवसांत चुरा झाला. एक कडक होतं, ते नुसतं किंचाळायचं. रिमचा मुलामा पॉलिश पेपरनं खरवडून बघितला. दर सुट्टीला नवीन काहीतरी बसवायचं, सुप्याच्या बाजूच्या माळावर जाऊन खडकावर पडायचं, आणि रक्ताळलेली ढोपरं घेऊन तात्यांच्या दारात. एकदा चिडून सायकल त्यांच्या दुकानासमोर आडवी टाकली आणि म्हणालो, भंगारात घाला. तात्यांनी ती उचलून स्टँडला लावली आणि मला चहा आणायला पाठवलं.

चहा घेऊन आलो तेव्हा त्यांच्या हातात चामड्याचा एक जाड तुकडा होता. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याचा, कोरडा, लाकडासारखा. त्यांनी त्याचे बोटाएवढे चार तुकडे कापले, रबराच्या जागी बसवले आणि कानशीनं पुढचं टोक जरा उतरतं केलं, म्हणजे ब्रेक किंचाळू नये. मग चाकावर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाले, "दाब." एका बोटानं दाबलं. चाक खिळा ठोकल्यासारखं थांबलं. मी त्या दिवशी तात्यांच्या पाया पडलो, आणि मी देवाच्याही सहसा पडत नाही.

निघताना त्यांनी बजावलं, "तेल साखळीला. रिमला रॉकेलचं फडकं. आन् चामड्याला काय म्हंजे काय लावायचं न्हाय. घरात सांगून ठेव. आपल्याकडं चामडं दिसलं की बायामाणसाचा तेलाचा हात फिरतुय." माझा एक पाय पॅडलवर होता. "व्हय व्हय," म्हणालो आणि सुटलो. ब्रेक मिळाला होता, आता कोण घरात सांगत बसतंय?

आईला ही सायकल डोळ्यांसमोर नको होती. ती तिला माकडगाडी म्हणायची. मी अंगणात चिऱ्यावरून चिऱ्यावर उड्या मारायला लागलो की ती पाठ करून आत जायची. शिकलेला, कमावता, लग्नाला आलेला मुलगा, आणि हे चाळे. लोकांनी काही विचारलं तर म्हणायची, कंपनीनं दिलीया त्येला, तपासायला. माझं म्हणणं एवढंच होतं की तिनं एकदा बघावं. वाहवा नको. नुसतं उभं राहून, तोंड न फिरवता बघावं.

त्या वर्षी खंडेनवमीला मी गावी होतो. सकाळी वडिलांबरोबर रानात गेलो आणि दुपारी परत आलो तर ओसरीवर विळे, कुऱ्हाड, खुरपी, काटा-मापं मांडून पूजा झालेली. आणि त्यांच्या शेवटी माझी सायकल. हँडलला झेंडूची माळ, दोन्ही चाकांना हळदकुंकवाची बोटं. आई चुलीपाशी होती, तिनं वर बघितलंही नाही. पूजलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नसतं. मी सायकलीला बोटही लावलं नाही, सबंध संध्याकाळ लांबून बघत राहिलो.

दसऱ्याला सगळं गाव शिवेवर आपट्याची पानं लुटायला जातं. तिथं ओढ्याकडं उतरत गेलेला एक लांब खडक आहे आणि त्याच्या शेवटी पुरुषभर उंचीचा कडा. मी तो खडक डझनभर वेळा उतरलो होतो. कड्यावर येऊन ब्रेक धरायचे, पुढचं चाक हवेत, तिथंच उडी मारून सायकल फिरवायची आणि वर यायचं. माळ पडू नये म्हणून मी सायकल हातानं ढकलत नेली. आई बायकांबरोबर मागून चालत होती. खडकापाशी पोचल्यावर कुणीतरी म्हणालं, दाखव की तुझी सर्कस. मी आईकडं बघितलं. ती थांबली होती आणि तोंड फिरवलं नव्हतं.

बसायच्या आधी ब्रेक एकदा दाबून बघायचा, हे तात्यांनी शंभरदा सांगितलं होतं. दहा पावलं सपाटीवर चालवून बघायला काय झालं होतं? पण माणसं जमली होती, आई बघत होती आणि माझ्यात कुठला दम. मी तसाच खडकावर सोडली. कड्याच्या दोन हात अलीकडं दोन्ही ब्रेक दाबले. ते घट्ट लागले, चामडं रिमला भिडलं, सगळं नेहमीसारखं. फक्त चाक फिरतच राहिलं.

ओढ्यात पाणी घोटाभर होतं. मी डाव्या अंगावर पडलो, सायकल माझ्यावर. गळ्याजवळचं हाड मोडल्याचं मला नंतर कळलं, आधी कळला तो वास. पुढचं चाक तोंडाशी होतं आणि त्याला करडईच्या तेलाचा वास येत होता. आमच्या घरात वहाणांना, चाबकाला, बैलांच्या पट्ट्यांना सणावारी त्याच तेलाचा हात देतात, म्हणजे चामडं तडकत नाही. आईनं माकडगाडीची पूजा केली होती आणि तिच्या ब्रेकमधलं कोरडं, तहानलेलं चामडं बघून तिला राहवलं नव्हतं. रबर असतं तर वरच्यावर पुसलं गेलं असतं. चामड्यानं रात्रभर ते पिऊन घेतलं होतं.

माणसं खाली येईपर्यंत जेवढा वेळ होता तेवढ्यात मी उजव्या हातानं ओढ्यातली ओली माती ब्रेकवर आणि रिमवर फासली. हाड मोडलेल्या माणसाला एवढं सुचलं, म्हणजे बघा. आई सगळ्यांच्या आधी पोचली. "काय झालं रं?" "ब्रेक लागला न्हाय," मी म्हणालो. ते खरंच होतं. मागून आमचा शेजारी म्हणाला, "बारामतीच्या म्हाताऱ्यानं चामडं बसवलंय त्येला. सायकलीला कुणी चामडं बसवतं व्हय?" आई माझ्याकडं बघत होती. मी डोळे मिटून घेतले आणि कण्हलो. कण्हायला हाडाचं निमित्त होतं.

पाचव्या दिवशी तात्या आले. दूधवाल्यांकडून त्यांना कळलं होतं. हातात केळी, टोपी घामानं भिजलेली. तेवढं अंतर ते सायकल मारत आले होते. ओसरीवर माझ्या खाटेजवळ बसायच्या आधी त्यांनी भिंतीला टेकवलेली सायकल बघितली. पुढच्या ब्रेकवरची वाळलेली माती नखानं काढली, चामड्यावर अंगठा दाबला, अंगठा नाकाशी नेला. मग माझ्याकडं बघितलं. मी वर ओसरीच्या पत्र्याकडं बघायला लागलो.

आई आतून आली. तिनं पाणी आणलं नव्हतं. आमच्या घरी वाटसरूलाही आधी पाणी देतात, तेव्हा तात्यांना जे कळायचं ते तिथंच कळलं असणार. "तुमी चामडं बसवलं?" तिनं विचारलं.

"व्हय वैनी."

"माझं प्वार मेलं असतं. मग तुमी काय क्येलं असतं?"

तात्यांनी पुन्हा एकदा माझ्याकडं बघितलं. फार नाही, एक तार वाजवून बघायला लागतो तेवढाच वेळ. मी काही बोललो नाही. "चुकलं माझं, वैनी," ते म्हणाले. "जुन्या पट्ट्याचं चामडं, भरवशाचं न्हवतं." केळी खाटेच्या पायाशी ठेवून ते गेले. आईनं केळी गाईला घातली.

मी का बोललो नाही? कारण सोपं होतं आणि तेव्हा मला ते मोठं उदात्त वाटायचं. तिनं त्या सायकलीला पहिल्यांदा हात लावला होता. आता तिला काय सांगू, तुझ्या हातानं माझं हाड मोडलं? पण हे झालं वरवरचं. खाली दुसरंच होतं. आईला तेलाचं सांगितलं की ती विचारणार, लावू नये हे तुला ठाऊक न्हवतं? आणि मला ठाऊक होतं. तात्यांनी बजावून सांगितलं होतं. आईला वाचवतोय असं म्हणत मी स्वतःलाच पदराआड दडवत होतो.

आई एकदा बोलायला लागली की थांबत नाही. गिरणीत, नळावर, लग्नात, बाराव्यात, बारामतीच्या म्हाताऱ्यानं आपल्या मुलाला कसं मारायला काढलं होतं ते ती सांगत राहिली. हळूहळू आमच्या गावच्या सायकली दुसऱ्या दुकानात जायला लागल्या. हाड जुळून मी कामावर परत गेलो तेव्हा हे मला रोज दिसायचं, कारण दुसरं दुकान माझ्या वाटेवर होतं. तात्यांच्या रस्त्यानं जाणं मी सोडून दिलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. आमच्या गावचा दूधवाला समोर दिसला तरी मी सायकल वळवायचो.

सायकल सोडली नाही. सोडली असती तर बरं झालं असतं. नवीन रबरं टाकली, चाकाचा वाक स्वतः काढायला लागलो आणि मला तो कधी जमला नाही. एका बाजूनं ओढला की दुसऱ्या बाजूला जायचा. रोज संध्याकाळी खोलीबाहेर बसून ब्रेक सोडायचा आणि बांधायचा, सोडायचा आणि बांधायचा. बरोबरचे दोघे वैतागले. उड्या तर जमेचनात. ब्रेकवर भरवसा नसला की माणूस दगडावर उभा राहू शकत नाही, आणि तो भरवसा मला कुठल्याच दुकानात मिळेना. सगळ्यांशी भांडत होतो. फोरमनशी, खोलीवाल्याशी, एकदा तर ट्रॅफिक हवालदाराशी. आई म्हणाली, ह्येचं लगीन करा. मी तिच्याशीही भांडलो.

दोन वर्षं अशी गेली. मग एका बाजारच्या दिवशी आई वांगी घेऊन बारामतीला आली. वडिलांना ताप होता म्हणून काटा धरायला मी बसलो. गर्दीत एक गिऱ्हाईक वाकून वांगी निवडायला लागलं. आधी मला हात दिसले, काळे, नखांत ग्रीस. तात्यांना आम्ही दिसलो नव्हतो, ते वांग्यांकडं बघत होते. किलोभर निवडून त्यांनी पिशवी पुढं केली आणि वर बघितलं.

"तुमाला न्हाय इकायची," आई म्हणाली. शेजारच्या दोन बायका बघायला लागल्या.

त्यांनी निवडलेली वांगी पिशवीतून काढून एकेक करून परत ढिगावर ठेवली. टाकली नाहीत, ठेवली. देठ वर करून, आईनं जशी लावली होती तशी.

"आयं, त्याल तू लावलं हुतंस," मी म्हणालो. म्हणालो कसला, ओरडलोच. माझ्या हातातला काटा खाली पडला. "खंडेनवमीला. चामड्याला त्याल लावलं की ब्रेक लागत न्हाय. तात्याची काय चूक न्हाय." भर बाजारात, पन्नास माणसांत. दोन वर्षं मिळाली होती एका कोपऱ्यात नीट सांगायला. पण आपल्याला नीट कुठलं जमतंय.

आईनं माझ्याकडं बघितलंच नाही. समोरच्या बाईला पाव किलो वांगी हवी होती ती तोलून दिली, पैसे घेतले. मग पोतं ढिगावर ओढलं, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि तात्यांना म्हणाली, "तुमचं दुकान कुठं हाय?"

दुकानात तात्या आपलंच म्हणणं लावून धरायला लागले. "तेलानं काय हुतंय वैनी, पट्टाच जुना हुता. ऱ्हाऊ द्या आता." आई फळीवर बसली होती. ती म्हणाली, "मला काय कळत न्हाय. तुमी लावून दाखवा." तात्या नको नको म्हणत राहिले. आईनं कोपऱ्यातली तेलाची बुदली स्वतः उचलून त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी एक सायकल स्टँडवर चढवली, गिरणीच्या पट्ट्याचे दोन तुकडे बसवले, चाक फिरवून ब्रेक दाबला. चाक थांबलं. मग चामड्याला तेल लावलं, दोन मिनिटं मुरू दिलं. चाक फिरवलं, दाबलं. ते फिरत राहिलं. तात्यांनी लिव्हर सोडलं नाही, करकचून धरून ठेवलं, आणि चाक आपलं फिरतंय. आम्ही तिघं ते बघत होतो. शेवटी आईनं हात पुढं केला आणि टायरवर तळवा टेकवून चाक थांबवलं. तळहात काळा झाला. तो तिनं पुसला नाही.

"ह्ये तुमी ह्येला सांगितलं न्हवतं?" तिनं विचारलं.

तात्या पेन्सिल शोधायला लागले. ती कानामागं होती.

"सांगितलं हुतं," मी म्हणालो. "घरात सांग म्हणले हुते. मी सांगितलं न्हाय."

आईनं तात्यांकडून पाणी मागून घेतलं, ती प्यायली आणि म्हणाली, "वांगी घिऊन जावा. पैशे द्या मातर. फुकट दिली तर तुमी घ्यायचा न्हाय."

त्या रात्री मीही तिच्याबरोबर गावी आलो. दुसऱ्याच दिवशी ती गावात निघाली. मला वाटलं होतं, मनातल्या मनात ठेवील. मी ठेवलं होतं. ती गिरणीत गेली. तिथं दळण घेऊन बसलेल्या बायकांना म्हणाली, "म्या त्याल लावलं, म्हणून माझं प्वार पडलं. त्या माणसाला दोन वर्सं म्या उगा शिव्या घातल्या." तिथून नळावर. तिथून ज्या घरी बाराव्याला बोलली होती त्या घरी. बायका हसल्या असणार, पुढं वर्षभर तेलाची बुदली दिसली की तिला चिडवायच्या. मानी बाई, स्वतःच्या सासूपुढं कधी चुकलं म्हणाली नव्हती. संध्याकाळी आली तेव्हा पाय धुळीनं भरले होते. मी चिऱ्यावर बसलो होतो.

"माझ्या वाटणीचं म्या सांगून आले," ती म्हणाली. "तुझ्या वाटणीचं तू कवा सांगणार?"

मी उठलो. चावडीसमोर पत्त्यांचा डाव पडला होता, त्यात शेजारीही होता, दसऱ्याला चामड्याचं बोललेला. मी जवळ जाऊन उभा राहिलो. म्हणालो, बारामतीच्या तात्यांनी मला आधीच सांगितलं होतं, मीच घरात सांगितलं नाही, आणि पडल्यावर ओढ्यात ब्रेकला चिखलही मीच फासला. त्यांचा ब्रेक चांगला होता.

कुणी पत्त्यांतून डोकं वर काढलं नाही. शेजाऱ्यानं पान टाकलं. "कोन तात्या?"

"एसटी स्टँडमागचा. सायकलवाला."

"त्येच्याकडं न्हाय जायचं बाबा," तो म्हणाला. "आमी कुणीच जात न्हाय."

"का?"

तो थांबला. खरंच विचार करायला लागला. बाकीच्यांकडं बघितलं, त्यांनी खांदे उडवले. कुणालाच आठवेना. नुसतं जायचं नाही एवढं प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं.

मी खाली बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.